मेंदूच्या संशोधनात कोल्हापूर सभासद हवे

रेडकू आचळाला लागले की म्हैस पान्हा सोडते, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रेडकाने ढुशा दिल्या, की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि दूध आचळात येते. रेडकू दगावले तर म्हैस अडते, कासेला हात लावू देत नाही, आणि मग काही ठिकाणी याच संप्रेरकाचे इंजेक्शन चोरून टोचले जाते; केंद्र सरकारने २०१८ साली त्याच्या उत्पादनावर निर्बंध घालण्याचा प्रयत्न केला तो याच गैरवापरापायी. गोठ्यात अशा रीतीने परिचित झालेले हे नाव गेली तीन-चार दशके मेंदूशास्त्रातल्या एका फार मोठ्या प्रश्नाच्या मध्यभागी आहे. एक जीव दुसऱ्याची ओळख ठेवतो, त्याला लळा लावतो, त्याच्यावर विश्वास टाकतो, तेव्हा मेंदूत नेमके काय घडते? या प्रश्नावर एकेका संस्थेने वेगवेगळे बसून काम करण्याचे दिवस संपले आहेत, आणि अनेक संस्था मिळून ते काम करू लागल्या असताना कोल्हापूरसारख्या शहरातल्या संस्थांनी त्यात माहिती पुरवणाऱ्या म्हणून न जाता हक्काच्या सभासद म्हणून गेले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या संशोधनाचा आरंभच मुळी दोन वेगळ्या विषयांच्या भेटीतून झाला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लोवेल गेट्झ हे परिसंस्थेचे अभ्यासक शेताबांधावर सापळे लावून प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याची मोजदाद करत होते. एकाच सापळ्यात तोच नर आणि तीच मादी पुन्हा पुन्हा सापडते, हे त्यांच्या ध्यानात आले. सस्तन प्राण्यांत अशी टिकाऊ जोडी दुर्मीळ असते. सापळ्यांच्या नोंदवहीतून यापुढचे उत्तर मिळणार नव्हते, म्हणून संप्रेरकांचा अभ्यास करणाऱ्या स्यू कार्टर या विषयात आल्या. पुढे थॉमस इन्सेल यांनी प्रेअरी व्होल आणि डोंगराळ भागातला, जोडी न बांधणारा त्याचा भाऊबंद यांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा ऑक्सिटोसिनचा संदेश झेलणारे रिसेप्टर दोघांत वेगवेगळ्या जागी आढळले. शेतातले निरीक्षण, संप्रेरकशास्त्र आणि मेंदूची सूक्ष्म रचना ही तीन टोके जोडली गेली नसती, तर हा प्राणी कोणाच्या तरी शेतातला उपद्रवी उंदीर म्हणूनच राहिला असता.

१९९९ साली अटलांटा शहरात या कामाला संस्थात्मक रूप आले आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट तीच आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून तेथे वर्तनाच्या मेंदूशास्त्राचे जे केंद्र उभे राहिले, ते कोण्या एका विद्यापीठाचे नव्हते. एमरी, जॉर्जिया स्टेट आणि जॉर्जिया टेक या मोठ्या विद्यापीठांच्या जोडीने मोअरहाऊस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा अशा, प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या संस्था त्यात होत्या. त्यांतल्या काही तर केवळ पदवीपर्यंत शिकवणाऱ्या. एकाच शहरातल्या लहानथोर संस्थांनी एका प्रश्नाभोवती एकत्र यायचे, आणि ज्या समाजावर एकेकाळी त्यांच्या संमतीवाचून प्रयोग झाले त्याच समाजातल्या मुलामुलींनी संशोधक म्हणून आत यायचे, ही कल्पना कोल्हापूरला परकी वाटण्याचे कारण नाही.

एकत्र येण्याची गरज भावनेपेक्षा हिशेबातून निघते, आणि तो हिशेब थोडा सविस्तर मांडला पाहिजे. २००५ साली झुरिकच्या संशोधकांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिलेली माणसे पैशांच्या खेळात अनोळखी व्यक्तीवर अधिक विश्वास टाकतात. हा निष्कर्ष जगभर गाजला, ‘विश्वासाचे संप्रेरक’ असे नाव रूढ झाले, फवारे विकले जाऊ लागले आणि स्वमग्न मुलांच्या आईबापांच्या आशा त्यावर लागल्या. नंतर अधिक मोठ्या गटावर तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून २९० स्वमग्न मुलांवर २४ आठवडे केलेल्या चाचणीचा निकाल आला: ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेल्या आणि औषध नसलेला दिखाऊ फवारा घेतलेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात लक्षणीय फरक नव्हता. २०२३ साली तर कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी व्होलच्या जनुकांत बदल करून ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच काढून टाकला, आणि तरीही त्या प्राण्यांची जोडी जमली. म्हणजे ज्या एका रसायनावर सगळी कथा उभी होती, ती कथा अपुरी होती.

यातून कोणी असे अनुमान काढेल की हे शास्त्रच पोकळ आहे. मला ते मान्य नाही. चूक दुरुस्त करण्याची ताकद या शास्त्रात आहे. ती उशिरा वापरली गेली, एवढाच दोष. २०१३ साली मेंदूशास्त्रातल्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा त्यांच्या सांख्यिकीय ताकदीचा मध्यक २१ टक्के भरला. साध्या भाषेत सांगायचे तर, परिणाम खरोखर अस्तित्वात असला तरी असा अभ्यास पाचांतून एकदाच तो पकडू शकतो, आणि जो पकडतो तो बहुधा फुगवून दाखवतो. वीस-पंचवीस जणांचे एमआरआय काढून माणसाच्या स्वभावाविषयी विधाने करण्याची रीत त्यानंतरही चालू राहिली. २०२२ साली सुमारे ५०,००० जणांच्या माहितीवर आधारलेल्या एका विश्लेषणाने दाखवून दिले, की मेंदूची रचना आणि वर्तन यांतले सर्वसाधारण नाते भरवशाने शोधायचे तर हजारो माणसे लागतात. हजारो माणसे एका प्रयोगशाळेच्या दारात येत नाहीत. त्यासाठी अनेक संस्थांनी एकाच मापाने मोजणे आणि मोजलेले एकत्र ओतणे, हाच मार्ग उरतो.

संख्येइतकेच महत्त्व जागा बदलण्याला आहे. याचे उदाहरण आपल्या शेजारच्या धारवाडचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही याचे मला वाईट वाटते. १९६१ ते १९६३ या काळात जपान आणि भारत यांच्या संयुक्त प्रकल्पात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडच्या रानात वानरांच्या टोळ्या अभ्यासल्या. बाहेरून आलेला नर टोळीचा ताबा घेतो आणि टोळीतली अंगावरची पिल्ले मारून टाकतो, ही नोंद तिथे झाली. तेव्हा तिच्याकडे विकृती म्हणून पाहिले गेले. गर्दीमुळे वानरे बिथरली असतील, असे अनेकांचे मत होते. सुमारे दशकभराने मानववंशशास्त्राच्या अभ्यासक सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर वानरे पाहिली, आणि गर्दीचे स्पष्टीकरण सोडून त्यांना दुसरेच मांडावे लागले: पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते, म्हणून नव्या नराच्या दृष्टीने ही त्याच्या वंशवाढीची रीत आहे. एका ठिकाणचे निरीक्षण दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या शाखेच्या डोळ्यांनी पाहिले गेले तेव्हा त्याचा अर्थ बदलला. तीच वानरे आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातही आहेत.

माणसांच्या बाबतीत तर जागेचा प्रश्न अधिकच गंभीर आहे. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक जगाची अवघी १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, हे २००८ आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लेखांतून पुढे आले. भारतात या उणिवेवर काम होत आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूशास्त्राच्या संस्थेच्या पुढाकाराने आणि ब्रिटनच्या सहकार्याने देशातल्या सात केंद्रांवर ६ ते २३ वर्षांच्या हजारो मुलामुलींचा अभ्यास सुरू झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा येथील ३,९६४ मुले तपासली गेली, आणि २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ आठांतल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. या दोन्ही प्रकल्पांतले एकही केंद्र महाराष्ट्रात नव्हते. मराठी घरात, मराठी बोलीत वाढणाऱ्या मुलाविषयी आपण जे बोलतो ते बरेचसे इतरांच्या मुलांवरून बोलतो.

मी मानसशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेसाठी लहान मुलांच्या सामाजिक वर्तनाची माहिती गोळा करण्याचे काम आम्ही काही जणांनी केले. करवीर तालुक्यातल्या एका घरी सोप्यात पोते अंथरून बसलो होतो. प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणलेली होती. मूल रिकाम्या कपातून चहा प्यायल्याचे सोंग करते का, असे मी विचारले. आई म्हणाली, ‘‘रिकामा कप कशाला दीन मी त्याला?’’ पुढचा प्रश्न, मूल समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते का. आई सांगण्याच्या आत चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, ‘‘थोरल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा न्हाई म्हणून मीच शिकवलंय त्याला.’’ मी दोन्ही रकान्यांत ‘नाही’ अशी खूण केली, कारण तिसरा रकानाच नव्हता. मग तेच पोरगे माझे बोट धरून मला गोठ्यात घेऊन गेले आणि कोणती म्हैस फक्त त्याच्या आईलाच धार काढू देते, बापाला लाथ मारते, ते त्याने मला दाखवले. कोणाचे कोणाशी जमते याची इतकी नेमकी जाण त्या पोराला होती. पण ती लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. साठेक घरांचे कागद आम्ही पाठवून दिले. वर्षाने ती आई बाजारात भेटली आणि तिने विचारले, ‘‘सर, त्या कागदांचं फुडं काय झालं वो?’’ मी दोनदा पत्र लिहिले होते. उत्तर आले नव्हते, आणि आजवर आलेले नाही.

या जिल्ह्याला असा व्यवहार पटण्यासारखा नाही, कारण इथे व्यवहाराची दुसरी रीत साठ वर्षे रुजलेली आहे. पहाटे गावच्या दूध संस्थेत किटल्यांची रांग लागते. दोन म्हशींचे दूध घालणारी बाई असो की गावचा सरपंच असो, माप एकच, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) लावणारे यंत्र एकच, आणि आकडा तिथल्या तिथे कार्डावर उतरतो. दूध संघात जाऊन एकत्र होते, ते कुणाचे हे नंतर सांगता येत नाही. पण दर दहा दिवसांनी बिल होते आणि दिवाळीला फरक मिळतो. वर्षभरात संस्थेला जे जास्तीचे उरले त्यात दूध घालणाऱ्याचा वाटा असतो, म्हणून तो फरक. सामूहिक संशोधनाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी या रीतीत आहेत: सर्वांना सारखे माप, एकत्र साठा, खुली नोंद आणि नफ्यात हिस्सा. आज आपण संशोधनात दूध घालतो, पण आपल्याला फरक मिळत नाही. प्रश्न इतरत्र ठरतात, विश्लेषण इतरत्र होते, लेखावर नावे इतरांची लागतात आणि निष्कर्ष इंग्रजीत, पैसे भरून वाचायच्या नियतकालिकांत जातात.

म्हणून कोणत्याही सहकार्याच्या करारात काही अटी आधीच लिहून घ्याव्यात असे मला वाटते. प्रश्नावली बनवताना, भाषांतराच्या टप्प्याच्या आधी, इथल्या माणसांचा सहभाग हवा. आजीचे म्हणणे तेव्हाच कानावर पडले असते तर रकाना बदलला असता. जमवलेल्या माहितीची, नावे काढून टाकलेली एक प्रत इथल्या संस्थेकडे राहावी आणि तिचे विश्लेषण करण्याचा हक्क इथल्या विद्यार्थ्यांना असावा. माहिती जमवणाऱ्यांनी विचारही केला असेल, तर लेखकांच्या यादीत त्यांचे नाव असावे. आणि ज्यांच्या घरी जाऊन बसलो, त्यांना निष्कर्षाचा एक मराठी कागद मिळावा. यातले काहीच अवाजवी नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी समाजाला लाभ पोचवण्याचा विचार स्पष्टपणे मांडलेला आहे. आपण तो मागत नाही, एवढेच.

मात्र बाहेरच्यांकडे हक्क मागण्याआधी घरातल्या भिंतीही पाडाव्या लागतील. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. त्यात प्राणिशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांचे विभाग आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सीपीआर रुग्णालय तिथून काही किलोमीटरवर आहे, जिथे तीन जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात एमआरआयची यंत्रे आहेत, विशेष मुलांच्या शाळा आहेत. अटलांटात जे जमले त्याचे बहुतेक घटक इथे एका रिक्षाच्या भाड्यात सापडतात. पण प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मनोविकार विभागाच्या दारात कधी जात नाही, आणि डॉक्टरला संख्याशास्त्रज्ञाची आठवण प्रबंध सादर करायच्या आठवड्यात येते. सामंजस्य करार होतात, सहीचा फोटो छापून येतो आणि फाईल बंद होते. सामायिक विद्यार्थी, सामायिक एथिक्स कमिटी आणि सामायिक पगार यांवाचून सहकार्य होत नाही. पैसा नाही हे कारण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने मोठ्या संस्थेभोवती लहान विद्यापीठांचे जाळे विणण्याची योजना आणली आहे. त्या जाळ्यात लहान संस्थेने कोणत्या नात्याने बसायचे हा प्रश्न खुला आहे, आणि तो आताच सोडवायचा आहे.

या सगळ्याला एक आक्षेप असा आहे, की तो मी टाळू इच्छित नाही. शाहू महाराजांच्या गावात सामाजिक वर्तनाची मुळे मेंदूत शोधायला निघणे म्हणजे विषमतेचे खापर रसायनांवर फोडणे नव्हे काय, असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्या मित्राने मला विचारले. त्याच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने माणसांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड शास्त्रीय असल्याचे दाखवण्याचा खटाटोप केला, आणि १९०१ च्या जनगणनेत जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने मांडले गेले ते त्याच्याच देखरेखीखाली. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर दरबाराने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. मोजमाप एका दिशेला गेले आणि न्याय दुसऱ्या.

तरीही मोजमाप सोडून देणे हे त्याचे उत्तर आहे असे मला वाटत नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी विचाराच्या प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्याच्यासमोर मांडला. मोजणाऱ्याच्या जागी कोण उभे आहे आणि त्याला ‘असे दिसत नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे की नाही, यावर सगळे अवलंबून असते. अपमान, वाळीत टाकले जाणे, शाळेत मागच्या बाकावर बसवले जाणे यांचा वाढत्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा प्रश्न विचारायचा असेल तर तो विचारणाऱ्यांत ते भोगलेल्यांची मुले असली पाहिजेत. एका संस्थेच्या बंद खोलीत हे होण्याची शक्यता कमी. अनेक संस्था एकमेकींचे काम तपासत असतील, समाजशास्त्रज्ञ त्याच टेबलावर बसला असेल, तर ती वाढते.

शेवटी पुराविषयी; पण त्याआधी एका बेटावरची गोष्ट. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतातून ४०९ लालतोंडी माकडे बोटीने नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर सोडली. त्यांच्या वंशजांवर पोर्तो रिको विद्यापीठ आणि इतर देशांतली विद्यापीठे मिळून आजही काम करतात; कोणते माकड कोणाजवळ बसते, कोणाच्या उवा काढते, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तिथे आहेत. ज्या माकडांचे संबंध अधिक जणांशी, त्यांच्या मेंदूचे काही भाग आकाराने मोठे, असेही तिथे दिसले. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने बेटावरची झाडी उद्ध्वस्त केली. त्यानंतर माकडे एकमेकांना अधिक सहन करू लागली, नवे संबंध जोडू लागली, उरलेल्या थोड्या सावलीत परक्याला जागा देऊ लागली. आणि आधी एकटी राहणारी माकडे यात पुढे होती. हे कळले, कारण वादळाच्या आधीच्या नोंदी होत्या.

आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पुढे मजल मारली. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत माणसे जनावरांसह बाहेर पडली, तालमींनी आणि मंडळांनी चुली मांडल्या, वर्षानुवर्षे न बोलणारी भावकी एका शाळेच्या वर्गात आठवडाभर राहिली. त्यांच्यातले कोण नंतरही बोलत राहिले, कोणाची झोप उडाली, कोणती मुले पावसाचा आवाज आला की आजही आईला सोडत नाहीत, याची नोंद कोणाकडेच नाही, कारण पुराआधी त्या गावांत कोणी विचारायला गेलेले नव्हते. नोंद सुरू करायला लगेच महागडी यंत्रे लागत नाहीत. मुळाशी कापलेल्या तीन सेंटिमीटर केसांतील कॉर्टिसॉलवरून मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या ताणाचा अंदाज येतो; कोण कोणाच्या घरी जाते हे विचारायला एक वही पुरते. विद्यापीठाचा एक विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाचा एक विभाग आणि नदीकाठची चार कनिष्ठ महाविद्यालये एवढ्यांनी मिळून दर उन्हाळ्यात, मृग निघायच्या आत, तीच दोनशे घरे करायची. प्रश्नावली आधी त्या गावांतल्या चार आज्यांना वाचून दाखवायची. आणि दिवाळीला, दुधाचा फरक जमा होतो त्याच आठवड्यात, घरटी एक कागद पोचवायचा, त्यात यंदा काय समजले ते मराठीत लिहिलेले असेल.